शिंका, गोळी आणि लेकाचा राग

पत्र असं आहे (थोडं कमी करून):

“आम्ही राजापूर तालुक्यात खाडीकाठी राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. दोन वर्षांपासून सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते, नाक गळतं नाहीतर चोंदतं. पावसात जास्तच. यंदा जूनमध्ये खोकलाही धरला म्हणून डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी सुरू केली, मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसेट्रिझिन अशी. ती अजून चालू आहे. आषाढ सरता सरता त्याचं वागणंच बदललं. धाकटीला मारतो, वह्या फाडतो, रात्री दचकून उठून रडतो. शाळेतल्या बाई म्हणतात, लक्ष नसतं, तोंडाचे चाळे करतो, हाक मारली तरी ओ देत नाही. सासूबाई म्हणतात बाधा आहे. रोज तिन्हीसांजेला त्याच्या खोलीत धूप फिरवतात. मुंबईच्या नणंदेने रक्ताची तपासणी करायला लावली, त्यात पानभर पदार्थ ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून आले. दूध, अंडी, गहू, मासे सगळं बंद केलंय. मागे एकदा बांगडा खाऊन घरात सगळ्यांनाच खाज सुटली होती, तेव्हापासून माशाची धास्तीच आहे. त्याचे बाबा मुंबईला असतात. गणपतीला येऊन गेले, म्हणाले लाडाने बिघडलाय. मे महिन्यात मामाकडे मिरजेला होता तेव्हा नाक आणि वागणं दोन्ही ठीक होतं. अ‍ॅलर्जीने मुलाचा स्वभाव बदलतो का?

ता. क. आंबा खाल्ला की ओठांभोवती बारीक फोड येतात. तोही कायमचा बंद करू का?”

ताई,

बदलू शकतो. पण अ‍ॅलर्जी थेट डोक्यात शिरून मुलाला रागीट करते असं सहसा होत नाही. ती आडवाटेने येते. झोप मोडते, कान बंद करते, खाण्यापिण्यावरून घरात कटकट लावते, आणि कधी कधी तिच्यावरचं औषधच वागणं बिघडवतं. तुमच्याकडे यातलं बहुतेक सगळं एकाच वेळी चाललेलं दिसतंय. औषधाचं आधी सांगते, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

तुमच्या पत्रातल्या तारखा मी ओळीने लावून पाहिल्या. नाकाचं दुखणं दोन वर्षांचं. गोळी जूनची. मारणं, वह्या फाडणं, रात्री दचकून उठणं आषाढ सरतानाचं. म्हणजे नुसत्या शिंका होत्या तोवर हा राग नव्हता. गोळी आली आणि त्यानंतर तो आला. तुम्ही हे सगळं स्वतःच लिहिलंय, फक्त एकाखाली एक मांडलं नाहीत. त्या गोळीतल्या मॉन्टेलुकास्टमुळे काही मुलांमध्ये नेमकं हेच होतं: वाईट स्वप्नं, झोपेत ओरडणं, चिडचिड, मारकुटेपणा, उदासी, आणि क्वचित जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ४ मार्च २०२० रोजी या औषधाच्या माहितीपत्रकात सर्वांत कडक असा चौकटीतला इशारा घालायला लावला, आणि नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी दुसरी औषधं लागू पडत नसतील किंवा सोसत नसतील तरच हे द्यावं असं सांगितलं. आपल्याकडे मात्र सर्दी-शिंकांना ही जोडगोळी सर्रास दिली जाते, आणि एकदा लिहून दिली की मेडिकलमधून पट्टीमागून पट्टी येत राहते. बंद कधी करायची हे कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही.

आता हे वाचून आज रात्रीच गोळी फेकून देऊ नका. बहुसंख्य मुलांना या औषधाने काही होत नाही, आणि दमा असलेल्या काहींना त्याचा चांगला उपयोग होतो. जूनमध्ये खोकला धरला म्हणून ती दिली, म्हणजे डॉक्टरांच्या मनात दम्याची शंका असू शकते. तेव्हा उद्या सकाळी त्यांनाच फोन करा आणि सरळ सांगा: गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी वागणं बदललं, रात्री दचकतो, ती चालू ठेवायची का? आणखी एक विचारा. ही गोळी नाकासाठी दिलीय की छातीसाठी? नाकासाठी असेल तर बदल सोपा आहे. छातीसाठी असेल तर ते तिच्या जागी दुसरं काही देतील, बहुतेक तोंडाने ओढायचा पंप. पंपाचं नाव ऐकून घाबरू नका. आपल्याकडे ‘पंप लागला म्हणजे आयुष्यभराचं झालं’ असं म्हणतात त्यात तथ्य नाही. मॉन्टेलुकास्ट बंद केल्यावर बहुतेक मुलं निवळतात. काहींची तक्रार पुढेही काही काळ राहते, म्हणून बंद झाल्यावरही लक्ष ठेवायचं.

जोडीतलं दुसरं औषध, लिव्होसेट्रिझिन, त्या मानाने सौम्य. थोडी सुस्ती येते एवढंच. पण घरात खोकल्याच्या जुन्या बाटल्या असतील तर त्यांच्यावर क्लोरफेनिरामिन किंवा प्रोमेथाझिन लिहिलंय का पाहा. या जुन्या औषधांनी दिवसा झापड येते, धडा डोक्यात शिरत नाही, आणि काही मुलांना तर उलट होतं: झोपायच्या ऐवजी ती घरभर थैमान घालतात. तसली बाटली असेल तर ती बाजूला काढा.

गोळीचा प्रश्न सुटला तरी नाकाचा राहतोच. बाई ज्याला तोंडाचे चाळे म्हणतात, ते काय असेल याचा मला अंदाज आहे. नाकाला सतत खाज असलेली मुलं तळहात नाकाच्या शेंड्याला लावून खालून वर घासतात. वर्षानुवर्षं घासून नाकाच्या मधोमध एक आडवी रेघ उमटते. टाळू खाजते म्हणून जीभ मागे ओढून टाळूशी टक्‌टक्‌ आवाज काढतात, नाक मुरडतात, ओठ वाकडे करतात. डोळ्यांखाली काळसर छटा असते, आणि तोंड अर्धवट उघडं. उद्या उजेडात बसवून त्याचं नाक बघा. ती रेघ दिसली तर बाईंनाही दाखवा. पोर वर्गात नक्कल करत नाहीये, त्याला खाज सुटतेय, हे एकदा त्यांना कळलं की निम्मी बोलणी कमी होतील.

नाक चोंदलं की मूल रात्री तोंडाने श्वास घेतं, घोरतं, कूस बदलत राहतं. सकाळी आपण म्हणतो, दहा तास झोपला की. तास भरले, झोप भरली नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते आणि ती सलग लागते. मोठ्या माणसाची झोप झाली नाही तर तो पेंगतो. मुलाचं उलट असतं: ते उड्या मारतं, वाद घालतं, क्षुल्लक गोष्टीवर भोकाड पसरतं, एका जागी बसत नाही. नाकाची अ‍ॅलर्जी असलेल्यांमध्ये चिंता, उदासी आणि लक्ष न लागण्याच्या तक्रारी जास्त आढळतात, असं बऱ्याच पाहण्यांमधून दिसलंय. म्हणून एकामुळेच दुसरं झालं असं सिद्ध होत नाही, पण मोडलेली झोप हा त्यातला मोठा दुवा आहे. डॉक्टर नाकाची अ‍ॅलर्जी किती तीव्र हे ठरवताना शिंका मोजत नाहीत. झोप मोडते का, शाळा-खेळ बिघडतो का, हे विचारतात. म्हणजे तुमच्या मुलाची अ‍ॅलर्जी ‘साधी सर्दी’ या खात्यात बसत नाही.

एक काम करा. तो गाढ झोपला की मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती आणि तोंड दिसेल असा, आवाजासकट. तपासणीच्या खोलीत सांगून जे कळत नाही ते त्यात दिसतं. घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो आणि मग हुंदका दिल्यासारखा सुरू होतो, असं असेल तर नाकामागच्या गाठी, म्हणजे अ‍ॅडिनॉइड, वाढल्यात का हे कान-नाक-घसा तज्ज्ञांना पाहू द्या.

आणि त्यांच्याकडे जालच, तर ऐकण्याची तपासणी करून घ्या. हे मी अगदी बजावून सांगते. ‘हाक मारली तरी ओ देत नाही’ हे तुम्ही वागण्याच्या तक्रारींत टाकलंय. ती कानाची तक्रार असू शकते. नाक आणि त्यामागचा भाग सुजला की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. दुखत नाही, वाहत नाही, ताप येत नाही. फक्त आवाज दबके येतात, आणि तेही कधी कमी कधी जास्त. मूल सांगत नाही, कारण त्याला तसंच ऐकायची सवय होते. मागच्या बाकावर बसलेल्या, अर्धंच ऐकू येणाऱ्या मुलाला दिवसभर ‘लक्ष कुठंय तुझं?’ ऐकावं लागलं तर ते घरी येऊन धाकटीवर राग काढणारच. तपासणी होईपर्यंत बाईंना सांगून त्याला पुढच्या बाकावर बसवा.

नाकावर इलाज म्हणून हल्ली पहिली पसंती असते ती नाकात मारायच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याला. स्टेरॉइड म्हटलं की आपण दचकतो, पण यात मात्रा अगदी थोडी असते आणि ती जवळजवळ सगळी नाकातच काम करते. फवारा रोज मारावा लागतो, गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे जातात. ‘दोनदा मारला, काही झालं नाही’ म्हणून कपाटात ठेवलेले फवारे मी रोज पाहते. मारताना टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या रोखाने. नाक मोकळं करणारे थेंब मेडिकलमध्ये सहज मिळतात. ते चार-पाच दिवसांच्या पुढे गेले की नाक त्यांच्यावाचून उघडेनासंच होतं. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, फक्त विहिरीचं पाणी तसंच वापरू नका. उकळून गार केलेलंच हवं.

आता खोली. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंती पाझरतात, कपाटात ठेवलेल्या चपलेवर बुरशी धरते. अशा दमट हवेत अंथरुणातले धुळीचे कीटक भराभर वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात, आणि त्यांच्या विष्ठेने नाक पेटतं. मुलगा कापसाच्या जुन्या गादीवर झोपत असेल, डोक्यावर माळा असेल, त्यावर पेंढा नि जुनी गाठोडी, आणि त्याच खोलीत दोरीवर ओले कपडे वाळत घातलेले, तर खोलीतली दमट हवा हटणारच नाही. कपडे पडवीत किंवा चुलीच्या खोलीत न्या. गादी-उशीला घट्ट विणीच्या कापडाची, चेन असलेली खोळ शिवून घ्या. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा कढत पाण्यात भिजवून धुवा. ६० अंशांचं पाणी असलं की कीटक मरतात, कोमट पाण्यात ते मजेत राहतात. गोधड्यांना, आत्ता ऊन पडायला लागलंय, तर कडक ऊन दाखवा. माळा झाडायचा असेल तर तो शाळेत असताना. पुढे भाताची मळणी येईल आणि उन्हाळ्यात भाजावळीचा धूर; तेव्हाही त्याला जरा लांब ठेवा. भिंतीची ओल कौलांतून येतेय की जोत्यातून, हे मात्र गवंड्यालाच विचारायला हवं.

सासूबाईंचा धूप. त्यांना दुखवू नका, त्यांचा जीव तुटतोय म्हणूनच त्या करतात. पण तिन्हीसांजेला बंद खोलीत धूर कोंडायचा, त्यात मुलाने झोपायचं, त्याचं नाक आणखी चोंदायचं, रात्री तो दचकायचा, आणि सकाळी ‘बघा, बाधा गेली नाही अजून’ म्हणून दुप्पट धूप घालायचा, असं हे चक्र चाललंय. त्यांना म्हणा, गाऱ्हाणं घाला, देवापुढे बसा, धूप मात्र अंगणात तुळशीपाशी. माझा अनुभव असा की आजीला कामाला लावलं की ती बाजूने येते. चादरी कढत पाण्यात भिजवायचं काम त्यांच्याकडे द्या.

रक्ताच्या तपासणीचं काय? जिच्यात पानभर पदार्थ येतात ती बहुधा ‘आयजीजी’ या रक्तातल्या प्रतिपिंडाची चाचणी असते. रिपोर्टवर ती अक्षरं आहेत का पाहा. आयजीजी आढळणं म्हणजे तो पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे, तुम्ही तो खाता, एवढंच. अ‍ॅलर्जी ठरवायला ही चाचणी वापरू नका असं अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी स्पष्ट सांगितलंय. खरी चाचणी ‘आयजीई’ या दुसऱ्या, अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडाची किंवा त्वचेवर टोचून करायची, आणि तीही लक्षणांशी जुळवूनच वाचायची. किनाऱ्यावर तर याची एक गंमत आहे: धुळीच्या कीटकांमध्ये आणि कोळंबीमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचं जवळपास सारखं प्रथिन असतं. त्यामुळे धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या चाचणीत कोळंबीही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते, मग तो लहानपणापासून कोळंबीचं कालवण ओरपत का असेना.

पदार्थाची खरी अ‍ॅलर्जी सहसा लपून राहत नाही. खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, उलटी होते, धाप लागते. सोमवारी पोळी खाल्ली आणि गुरुवारी वही फाडली, याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत. बांगड्याचा तुमचा प्रसंग तर वेगळाच आहे. घरात सगळ्यांनाच खाज सुटली, हे तुम्हीच लिहिलंय. सगळ्या घराला एकाच संध्याकाळी बांगड्याची अ‍ॅलर्जी होत नाही. बांगडा, सुरमई, कुपा असे मासे बर्फाविना राहिले की त्यांच्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. दोष त्या दिवशीच्या मासळीचा होता. शिवाय पाहा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, ताजी मासळी बाजारात जवळपास नाही, आणि तुमच्या मुलाचं नाक सर्वांत जास्त चोंदलं ते त्याच दिवसांत.

वाढत्या मुलाचं दूध, अंडी, गहू आणि मासे एकदम तोडणं ही साधी गोष्ट नाही. भूक मारलेलं मूल चिडकंच होतं, आणि शेजारच्या पोरांच्या ताटात तळलेली तुकडी असताना याच्या ताटात भात-वरण, म्हणजे आणखी एक अपमान. जे पदार्थ तो आधी बिनघोर खात होता ते, डॉक्टरांना एकदा विचारून, दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक परत सुरू करा.

खाऊच्या गोळ्या-पेप्सीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण नणंदबाई विचारतीलच. साखरेने मुलं पिसाळतात हे नीट केलेल्या चाचण्यांत टिकलेलं नाही. रंगांचं थोडं खरं आहे. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या अभ्यासात टार्ट्राझिन, सनसेट यलो असे काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट हे पदार्थ टिकवायचं द्रव्य एकत्र दिल्यावर मुलांची चळवळ किंचित वाढलेली दिसली, आणि २०१० पासून युरोपात अशा रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते. परिणाम सरासरीने लहान होता. जत्रेतला एक गोळा चालेल, रोजचा नको.

मिरजेचा पुरावा मी अर्धाच धरते. तिथली मे महिन्यातली कोरडी हवा नाकाला मानवली असेल. पण मामाकडे शाळा नव्हती, गृहपाठ नव्हता, कुणी ओरडत नव्हतं, ताटात हवं ते होतं, आणि रात्रीची ही गोळी तर तेव्हा सुरूच झाली नव्हती. आणखी एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: बाबा गणपतीला येऊन गेले. चाकरमान्यांच्या घरातल्या मुलांचं गौरी-विसर्जनानंतरचं आठवडाभराचं तोंड मला ठाऊक आहे. त्याला अ‍ॅलर्जीचं औषध नाही. बाबांना सांगा, लाडाने बिघडला की नाही ते नंतर ठरवू. रोज रात्री दहा मिनिटं फोनवर त्याच्याशी बोला, अभ्यास सोडून.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी चार शब्द लिहा: झोप, नाक, राग, औषध. जे बदलाल ते तारखेसकट लिहा, आणि शक्यतो सगळं एका दिवशी बदलू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. गोळीचा निर्णय मात्र यासाठी थांबवायचा नाही. नाक मोकळं झालं, कान तपासले, औषध बदललं आणि तरी महिन्या-दीड महिन्यात राग तसाच राहिला, तर बालमानसतज्ज्ञांकडे जा. रत्नागिरीला ‘तसल्या’ डॉक्टरकडे नेलं तर गाव काय म्हणेल, हा विचार तुमच्या मनात येईल. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर आधी घरूनच बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पण मुलगा मरण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल काही बोलला, अगदी रागातही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील तरीही तसंच, मग रात्र असो की पाऊस.

राहिला आंबा. फक्त ओठांभोवती फोड येतात, घसा सुजत नाही, धाप लागत नाही, तर तो बहुतेक चिकाचा प्रताप आहे. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. काजूच्या टरफलाचं तेल ज्या जातीच्या द्रव्याने हात भाजतं, तसलंच द्रव्य आंब्याच्या देठाच्या चिकात आणि सालीत असतं. मुलं देठ दाताने तोडून आंबा चोखतात, तिथेच ते ओठांना लागतं. पुढच्या मोसमात आंबा देठाकडून कापून चीक जाऊ द्या, तासभर पाण्यात ठेवा, नीट धुवा, साल काढून फोडी करून वाटीत द्या. साल सोलायचं काम त्याच्याकडे देऊ नका. पहिल्या दिवशी दोनच फोडी, आणि काही झालं नाही तर मग वाटीभर.